रेस तीन मिनिटांची, राबणं वर्षभराचं

पाण्यावरून सुसाट जाणाऱ्या बोटी सगळ्यांनाच दिसतात. त्या जाव्यात म्हणून काठावर उन्हात उभी असलेली माणसं मात्र कुणाच्या फोटोत येत नाहीत. अमेरिकेतल्या हौशी पॉवरबोट शर्यतींचा हा पडद्यामागचा हिशेब. कॉलेजचा फेस्ट किंवा गल्लीतलं मंडळ चालवलं असेल, तर तो तुम्हाला फारच ओळखीचा वाटेल.

पॉवरबोट रेस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत बोटी, त्यावर मोठमोठ्या कंपन्यांची नावं, जिंकल्यावर शॅम्पेनचे फवारे. टीव्हीवर आणि रील्समध्ये दिसतं ते एवढंच. पण या खेळाचा मोठा पसारा टीव्हीच्या बाहेर आहे. अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की गावोगावच्या तळ्यांवर आणि नद्यांवर हौशी क्लब शर्यती भरवतात. शनिवारी-रविवारी बोट पळवणारा माणूस सोमवारी सकाळी आपल्या गॅरेजमध्ये, शाळेत नाहीतर ऑफिसात कामाला हजर असतो.

त्यांची बोटही काही महाल नसते. लाकडी, हलकी, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. मागे आउटबोर्ड इंजिन लावलेलं. छोट्या वर्गांमध्ये ड्रायव्हर आरामात सीटवर बसत नाही, गुडघे टेकून पुढे वाकलेला असतो, पाण्यापासून हातभर अंतरावर. ‘हायड्रोप्लेन’ प्रकारातली बोट वेगात आली की तिच्या तळाखाली हवा शिरते आणि बोट पाण्याला जेमतेम शिवत पळते. बघायला भन्नाट, पण वाऱ्याचा एक झोत चुकीच्या वेळी आला की तीच बोट पतंगासारखी उलटते.

सुरुवातही गमतीशीर असते. बोटी रांगेत उभ्या करून शिट्टी मारण्याची सोय पाण्यावर नाही. म्हणून काठावर एक मोठं घड्याळ लावतात. शेवटचं मिनिट मोजलं जात असताना सगळ्या बोटी लांबून वेग घेत रेषेकडे येतात. काटा शून्यावर यायच्या आधी ज्याने रेषा ओलांडली, तो बाद. त्यानंतर साधारण एक मैलाच्या वर्तुळाला तीन फेऱ्या. ताशी ६० मैलांचा सरासरी वेग धरला, तर सगळा मामला तीन मिनिटांत खलास!

आता प्रश्न असा की, या तीन मिनिटांसाठी किती माणसं किती दिवस राबतात? आणि बिल कोण भरतं?

‘प्रोफेशनल’ फक्त नावात

इलिनॉय राज्यात शिकागोपासून गाडीने दोनेक तासांवर डीप्यू नावाचं खेडं आहे. २०२०च्या जनगणनेत तिथली वस्ती जेमतेम सोळाशेच्या घरात होती. गावाला लागून इलिनॉय नदीचं पाणी साठून झालेलं तळं. जस्त वितळवण्याच्या जुन्या कारखान्याने इथली जमीन एवढी दूषित केली की १९९९ साली अमेरिकेच्या सरकारने या जागेचं नाव देशातल्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत घातलं. कारखाना गेला, रोजगार गेला. पण उन्हाळ्यात या गावात आउटबोर्ड बोटींची राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यत भरते. आणि ती भरवतो कोण? गावातला ‘मेन्स क्लब’. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत गावचं मंडळच.

या शर्यती ज्या गटात येतात त्याचं नाव आहे ‘प्रोफेशनल रेसिंग आउटबोर्ड’. नाव ऐकून वाटेल, ही पगारी खेळाडूंची स्पर्धा असणार. तसं काही नाही. यावर कुणाचंच पोट चालत नाही. ड्रायव्हर शेकडो मैल गाडी चालवत येतो, मागच्या ट्रेलरवर बोट, गाडीत बायको-मुलं, एखादा मित्र आणि स्पॅनरचा डबा. जिंकला तर ट्रॉफी मिळते, थोडंफार बक्षीस मिळतं. त्यात प्रवासाचा खर्च निघाला तरी नशीब म्हणायचं.

या बोटींच्या इंजिनात मिथेनॉल जळतं आणि वंगण म्हणून त्यात बऱ्याचदा एरंडेल मिसळतात. हो, तेच आपलं एरंडेल! जगात एरंडाचं सर्वाधिक पीक भारतात येतं आणि त्यातही गुजरातेत. त्यामुळे इलिनॉयच्या तळ्याकाठी जळणाऱ्या एरंडेलाचा जो वास येतो, त्याचा धागा कदाचित आपल्या शेजारच्या राज्यापर्यंत येत असेल.

डीप्यूच्या लोकांपुढची अडचण मात्र वासाची नाही, गाळाची आहे. तळं वर्षानुवर्षं गाळाने भरत चाललं आहे. नदीचं पाणी उतरलं की तळंही उथळ होतं. बोटी, ड्रायव्हर, कार्यकर्ते सगळे तयार असून पाणीच कमी पडलं तर काय करायचं? क्रिकेटच्या आयोजकाला पिच ओलं झाल्याची चिंता असते, इथे अख्खं मैदानच आटतं.

आधी कागद, मग पाणी

तळं आहे, बोटी आहेत, चला रेस लावू, असं होत नाही. जिथे कोस्ट गार्डचा अधिकार चालतो, तिथे शर्यतीसाठी आधी अर्ज करावा लागतो. नवी शर्यत असेल तर किमान १३५ दिवस आधी. गेल्या वर्षी झालेलीच शर्यत त्याच जागी, त्याच पद्धतीने घ्यायची असेल तर किमान ६० दिवस आधी. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला नवी रेस घ्यायची तर कागद मार्चमध्येच गेले पाहिजेत, जेव्हा उत्तरेकडच्या कित्येक तळ्यांवरचा बर्फही पुरता वितळलेला नसतो.

त्याच्या जोडीला खेळाच्या संघटनेची मान्यता लागते. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही संघटना १९०३ सालची. तिची मान्यता नसेल तर शर्यतीचे गुण धरले जात नाहीत, विक्रम झाला तरी वहीत लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमा. बोट उलटून ड्रायव्हरला इजा झाली, किंवा सुटलेली बोट काठावरच्या प्रेक्षकांत घुसली, तर भरपाई कुणी द्यायची? विम्याशिवाय कुठलंही गाव आपलं तळं द्यायला तयार होत नाही. मग गावाची परवानगी, पोलिसांना कळवणं, काठावर राहणाऱ्यांची समजूत घालणं. शनिवारी सकाळी आठ वाजता खिडकीखाली इंजिनं किंचाळायला लागली तर कुणाला आवडेल? त्यांची तक्रार खोटी नसते. म्हणून शहाणे क्लब शर्यतीच्या आधी स्वतः घरोघरी जाऊन सांगून येतात.

काठावरच्या लोकांची मर्जी गेली तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या विंडरमियर तळ्यावर १९७०पासून दरवर्षी वेगाचे विक्रम करायचा एक खास आठवडा भरायचा. २००५ साली त्या तळ्यावर ताशी १० मैलांची वेगमर्यादा लागू झाली. शांतता हवी असलेल्या लोकांचा आणि वेग हवा असलेल्या लोकांचा वाद अनेक वर्षं चालला होता, त्यात वेगवाले हरले. मग आयोजकांना सगळा बाडबिस्तरा घेऊन शेजारच्या कॉनिस्टन तळ्यावर जावं लागलं. तिथेही मर्यादा आहेच, फक्त त्या एका आठवड्यापुरती खास सूट मिळते. अशी सूट टिकवायची तर वर्षभर लोकांशी नीट वागावं लागतं. हे कामही कुणीतरी फुकटातच करत असतं.

वीस बोटी असोत, नाहीतर पन्नास

कॉमर्सवाल्यांना ‘फिक्स्ड कॉस्ट’ माहीत असेल. हौशी रेसिंगचं सगळं दुखणं या दोन शब्दांत आहे.

खर्चाची यादी बघा. विमा आणि मान्यतेची फी. अँब्युलन्स आणि तिच्यातला प्रशिक्षित स्टाफ. रेस्क्यू बोटींचं इंधन. वळणाच्या खुणा म्हणून पाण्यात सोडायचे बोये, त्यांचे दोर आणि नांगर. बोटी पाण्यात उतरवायला क्रेन. तात्पुरती टॉयलेट्स. लाउडस्पीकर, वायरलेस सेट, जनरेटर. कार्यकर्त्यांचं जेवण. ट्रॉफ्या. शेवटी कचरा उचलायचा खर्च.

यातला कुठला खर्च बोटींच्या संख्येवर अवलंबून आहे? फार तर ट्रॉफ्यांचा. वीस बोटी आल्या म्हणून अर्धीच अँब्युलन्स बोलावता येत नाही. समजा, सगळा ठरलेला खर्च १०० रुपये आहे. पन्नास बोटी आल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला २ रुपये येतात, वीसच आल्या तर ५ रुपये. मग क्लब एन्ट्री फी वाढवतो. फी वाढली की काठावर असलेले दोन-चार ड्रायव्हर म्हणतात, यंदा राहू दे. बोटी आणखी कमी होतात, वाटा आणखी वाढतो. एकदा हे चक्र लागलं की शर्यत दोन-तीन वर्षांत गुपचूप बंद पडू शकते. कुठे बातमीही येत नाही, पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तेवढं नाव नसतं.

त्यातून हवामान! सकाळपासून वारा सुटला, तळ्यावर लाटा उठल्या, की छोट्या हायड्रोप्लेनला पाण्यात सोडणं म्हणजे जीवाशी खेळ. मग थांबा. दुपारपर्यंत थांबा. कधी कधी अख्खा दिवस रद्द. पण अँब्युलन्सवाला, जनरेटरवाला आणि टॉयलेटवाला वाऱ्यामुळे बिल कमी करत नाहीत. नदीवरच्या शर्यतींना पुराची भीती वेगळीच. वरच्या भागात पाऊस झाला की ओंडके वाहत येतात आणि ताशी ७०-८० मैलांनी धावणाऱ्या लाकडी बोटीला एक ओंडका पुरतो. म्हणून शर्यतीच्या सकाळी काही माणसं नुसती पाण्यातून लाकडं वेचत फिरत असतात.

मग तूट कशी भरतात? अगदी आपल्यासारखीच. स्थानिक हॉटेलवाला एक बॅनर घेतो. टायरवाला ट्रॉफी देतो. माहितीपत्रकात जाहिराती घेतात. खाण्याचे स्टॉल लावतात, पार्किंगचे पैसे घेतात. पावतीपुस्तक घेऊन फिरणारा कार्यकर्ता जगात सगळीकडे सारखाच दिसत असणार!

काठावर कोण कोण असतं?

आता माणसं मोजू. शर्यतीच्या दिवशी साधारण हे लोक लागतात:

रेफरी: शेवटचा शब्द त्याचा. तक्रारी, वाद, शिव्याशाप, सगळं त्याच्याकडेच येतं.

रिस्क मॅनेजर: कुठे काय बिघडू शकतं हे आधीच शोधणारा. प्रेक्षक पाण्याच्या किती जवळ उभे आहेत, इंधन कुठे ठेवलंय, हे त्याने बघायचं.

वळणांवरचे निरीक्षक: दोन्ही टोकांना भर उन्हात उभं राहून कुणी बोया उडवला, कुणी दुसऱ्याची वाट अडवली, हे टिपायचं.

टायमर आणि स्कोअरर: घड्याळ आणि फेऱ्यांचा हिशेब. एका फेरीची चूक झाली तर निकाल बदलतो.

तपासनीस: जिंकलेल्या बोटीचं वजन आणि इंजिन नियमात बसतं का, हे शर्यतीनंतर तपासणारा.

पिटचे कार्यकर्ते: बोटी क्रमाने पाण्यात सोडणं, परत आणणं, गर्दी आवरणं.

रेस्क्यू बोटींचा ताफा: प्रत्येक बोटीवर एक चालवणारा आणि पाण्यात उडी मारायला तयार असलेले मदतनीस.

याशिवाय नोंदणीचं टेबल, माइकवर बोलणारा, पार्किंग, जेवण, सफाई. सगळी मिळून आकडा सहज तीस-चाळीसच्या घरात जातो. आणि यातल्या बहुतेकांना एक छदामही मिळत नाही.

सगळ्यात जोखमीचं काम रेस्क्यूचं. ड्रायव्हरच्या हाताला किंवा जॅकेटला एक दोरी बांधलेली असते. तो बाहेर फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. अंगावर लाइफ जॅकेट आणि प्रोपेलरच्या पात्याने सहज चिरलं जाणार नाही असं खास कापड. हेल्मेट भडक रंगाचं, कारण पाण्यात पडलेल्या माणसाचं फक्त डोकं दिसतं आणि मागून येणाऱ्या बोटींना ते क्षणात दिसलं पाहिजे. लाल झेंडा वर जातो, शर्यत थांबते, रेस्क्यू बोट निघते. पाण्यातला माणूस हात वर करून ‘ठीक आहे’ अशी खूण करतो का, इकडे सगळ्यांचे डोळे. त्याने हात वर केला नाही, तर त्या बोटीवरच्या दोघा-तिघांच्या पुढच्या हालचालीवर सगळं अवलंबून असतं. ते कदाचित शेजारच्या गावचे अग्निशामक दलातले जवान असतील, कदाचित निवृत्त ड्रायव्हर असतील. पण चुकीच्या पद्धतीने उचललं तर मानेची दुखापत आयुष्यभराची होऊ शकते, हे त्यांना शिकलेलं आणि सरावलेलं असावं लागतं.

मोठ्या, बंद कॉकपिटच्या बोटींमध्ये तर आणखी वेगळं प्रकरण. बोट उलटली की ड्रायव्हर पट्ट्याने बांधलेला, डोकं खाली, पाण्यात. अशा ड्रायव्हरना आधी सुरक्षित जागी मुद्दाम उलटं बुडवून बाहेर पडायचा सराव करून घेतात आणि त्यांच्यासाठी रेस्क्यूमध्ये पाणबुडे लागतात.

काठावरही निवांतपणा नाही. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. पिटमध्ये आग लागली तर आधी माणूस हातवारे करत पळताना दिसतो, आग नाही. म्हणून तिथे अग्निशामक घेऊन कुणीतरी दिवसभर उभं पाहिजे. दहा वर्षं काहीच होत नाही, तरी उभं पाहिजे.

आणि एक साधा कडक नियम: अँब्युलन्स जागेवर नसेल तर पाण्यात बोट नाही. एखाद्या जखमीला घेऊन ती हॉस्पिटलला गेली, तर ती परत येईपर्यंत किंवा दुसरी येईपर्यंत सगळे हात बांधून बसतात. प्रेक्षक कुरकुरतात, ड्रायव्हर वैतागतात, वेळापत्रक कोलमडतं. पण बोट सुटत नाही.

फुकट तासाची किंमत किती?

‘फुकट’ कामाला किंमत नसते, असा आपला एक समज आहे. अमेरिकेत ‘इंडिपेंडंट सेक्टर’ नावाची संस्था स्वयंसेवकाच्या एका तासाची अंदाजी किंमत जाहीर करते. २०२२ या वर्षासाठी ती ३१.८० डॉलर होती.

आपण एका काल्पनिक शर्यतीचं गणित करून बघू. चाळीस माणसं. शुक्रवारी मांडामांड, शनिवार-रविवार शर्यत. रोज दहा तास. झाले १,२०० तास. किंमत ३८,१६० डॉलर! यात १३५ दिवस आधीचे अर्ज, फोन, मीटिंगा, पावत्या काहीच धरलेलं नाही. एवढी रक्कम बिल म्हणून समोर आली तर छोट्या क्लबची शर्यत तिथेच संपेल. म्हणजे या खेळाचा सगळ्यात मोठा स्पॉन्सर काठावर टोपी घालून उभा असतो आणि त्याचं नाव कुठल्याच बोटीवर नसतं.

पैसा दुसरीकडून आला तर?

तोही मार्ग आहे. जपानमध्ये याच जातीच्या बोटींच्या शर्यतींवर कायदेशीर पैज लावता येते. १९५१ साली त्यासाठी कायदा झाला, १९५२ साली नागासाकी प्रांतातल्या ओमुरा इथे पहिली शर्यत झाली. आज तिथे अशी २४ स्टेडियम आहेत. सहा बोटी, तीन फेऱ्या, एकूण १,८०० मीटर. ड्रायव्हर निवासी शाळेत प्रशिक्षण घेतलेले व्यावसायिक. पैजेच्या पैशावर स्टेडियम चालतात, नगरपालिकांना उत्पन्न मिळतं, समाजकार्यालाही वाटा जातो. तिथल्या शर्यतींसाठी बनवलेली ‘यामातो’ इंजिनं अमेरिकेतले आणि युरोपातले हौशी रेसर आपल्या बोटींना लावतात. इंजिन तेच, पण एकीकडे त्याच्यामागे पैजेचा बाजार उभा आहे आणि दुसरीकडे कुणाचे तरी शनिवार-रविवार.

दुसरा मार्ग मोठ्या स्पॉन्सरचा. तो आपण पाहिला आहे. मार्च २०१७मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला पॉवरबोट शर्यती झाल्या, रॅलीतला आपला गौरव गिल त्यात उतरला. नोव्हेंबर २०१८मध्ये कृष्णा नदीवर अमरावतीला फॉर्म्युला वन पॉवरबोटींची फेरी झाली. गर्दी झाली, फोटो झाले. पण बोटी बाहेरून आल्या आणि बाहेर गेल्या. दर रविवारी हौशी शर्यती भरवणारी, रेस्क्यूची माणसं तयार करणारी क्लबांची साखळी काही आपल्याकडे उभी राहिली नाही. इव्हेंट विकत आणता येतो, त्याच्या काठावरची माणसं मात्र तयारच करावी लागतात.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे इंडियाना राज्यातलं ओहायो नदीकाठचं मॅडिसन. बारा-तेरा हजार वस्तीचं गाव. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या गावाला एक हायड्रोप्लेन भेट मिळाली आणि गावाने ती ‘मिस मॅडिसन’ या नावाने शर्यतीत उतरवली. बाकीच्या संघांमागे श्रीमंत मालक, इथे मालक गाव! पैशांची कायम ओढाताण, बोट जुनी. तरी ४ जुलै १९७१ला, १९०४पासून चालत आलेला प्रतिष्ठेचा गोल्ड कप ‘मिस मॅडिसन’ने स्वतःच्या गावासमोर जिंकला. ड्रायव्हर होता जिम मॅकॉर्मिक. पुढे यावर ‘मॅडिसन’ नावाचा सिनेमाही आला. सिनेमा चमत्काराची गोष्ट सांगतो. पण बोट त्या दिवशी पाण्यात उतरू शकली, ती दहा वर्षं गावाने हा नाद सोडला नाही म्हणून.

पुढची फळी कुठे आहे?

खरी धास्ती पैशांची नाही, माणसांची आहे. पैसे एखाद्या वर्षी कमी पडले तर कुणीतरी खिशातून घालतं. पण वीस वर्षं घड्याळ सांभाळणाऱ्या काकांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांच्या जागी कुणीच नसेल, तर? टायमरशिवाय शर्यत होत नाही. रेस्क्यूवाल्याशिवाय तर नाहीच.

अमेरिकेत नवव्या वर्षापासून मुलांना ज्युनिअर वर्गात बोट चालवता येते. त्यामुळे नवे ड्रायव्हर येत राहतात. ड्रायव्हर व्हायला कुणाला नको असतं? पण वळणावर वही घेऊन उभं राहायला कुणीच घरून ठरवून येत नाही. बहुतेक वेळा ड्रायव्हरची आई स्कोअरर होते, बाबा क्रेन सांभाळतात, आजोबा पार्किंगला. घर खेळातून बाहेर पडलं की चार कार्यकर्ते एका झटक्यात कमी होतात. म्हणून काही ठिकाणी ड्रायव्हरांनीच आपला वर्ग नसताना काठावरची ड्यूटी करायची, असा शिरस्ता असतो. मला हाच सगळ्यात शहाणपणाचा उपाय वाटतो. ज्याने एकदा रेस्क्यू बोटीत बसून दिवस काढला, तो ‘अजून किती वेळ थांबायचं?’ असं विचारत रेफरीवर ओरडत नाही.

आपल्याकडे मोटारबोटींचं हे विश्व नसेल, पण पाण्याकाठचं काम आहे. पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी मुळा नदीवर आपली ‘रेगाटा’ भरवतात, रोइंग आणि कयाकिंगचे प्रकार सादर करतात. त्याचा सराव, मांडणी, सगळं विद्यार्थ्यांच्या जिवावर चालतं. गणपती विसर्जनाला घाटावर, तलावावर जीवरक्षक म्हणून उभे राहणारे तरुण तर प्रत्येक शहरात आहेत. ट्रेक, सायकल राइड, मॅरेथॉन, नदीतली पोहण्याची स्पर्धा, यातलं काहीतरी तुमच्या कॉलेजात होतच असेल.

पुढच्या वेळी अशा इव्हेंटची पहिली मीटिंग भरेल तेव्हा बहुतेक सगळ्यांना अँकरिंग, सेलिब्रिटी आणि टी-शर्टच्या डिझाइनवर बोलायचं असेल. त्या मीटिंगमध्ये चार कंटाळवाणे प्रश्न विचारा. परवानगीची शेवटची तारीख कोणती? विमा कुणाच्या नावाने आहे? अँब्युलन्स गेली तर आपण थांबणार की चालू ठेवणार, आणि थांबवायचा अधिकार कुणाला? गेल्या वर्षी हे काम ज्यांनी केलं, त्यांच्याकडून यंदा कोण शिकून घेतंय?

शेवटच्या प्रश्नावर शांतता पसरली, तर हात तुम्हीच वर करा. शिट्टी, वही आणि पाण्याची बाटली घेऊन दिवसभर उभं राहावं लागेल. संध्याकाळी ग्रुप फोटोच्या वेळी तुम्ही बहुतेक दोर गुंडाळत असाल.